९.३०ची स्की

तोल सांभाळणं म्हणजे काय, हे डोंबिवलीच्या माणसाला कोणी शिकवायला जाऊ नये, असं माझं मत होतं. बावीस वर्षं मी ८.१३च्या फास्टला दारात उभा राहून दादर गाठलंय. उभा म्हणजे एका पायावर, आणि तो पायही अर्धाच. दुसरा कोणाच्या तरी बॅगेवर तरंगत असतो. वर कडीला दोन बोटं. मुंब्र्याच्या वळणावर गाडी कलंडते की काय असं वाटलं तरी हातातला मोबाइल हलत नाही. ज्याने एवढं केलंय त्याला दोन फळ्यांवर उभं राहून खाली जायला कितीसं अवघड पडणार? खाली तर दगडही जातो.

दिवाळीत काश्मीरची तिकिटं काढली. शिकारा बायकोचा, बर्फ चिरंजीवांचा आणि स्कीइंग माझं, अशी वाटणी झाली. जानेवारीत तिकडे चिल्लई कलां चालू असतो, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे हाडं गोठवणारे चाळीस दिवस. आमच्याकडे पारा अठरावर आला की सोसायटीतले काका कानटोपी घालून दुधाची पिशवी आणायला उतरतात. पण मी घाबरलो नाही. मी एक्सेल शीट उघडलं.

वेळ, कृती, जबाबदारी, शेरा असे चार रकाने. आठला नाश्ता (पोहे मिळाल्यास). नऊला सामान भाड्याने घेणे. ९.३० : स्कीइंगला सुरुवात. पुढचं आखताना मी परदेशी रिसॉर्टांचे नकाशे समोर ठेवले होते. युरोपात म्हणे उतारांना रंग असतात: हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, मग लाल, आणि काळा म्हणजे ज्यांचा विमा चालू आहे त्यांच्यासाठी. मेट्रोसारखंच की! अकराला हिरवी लाइन, साडेबाराला निळी, अशी मी गाड्या बदलत जाणार होतो. गुलमर्गचा वरचा डोंगर बहुतांशी जसा बर्फ पडला तसाच सोडलेला असतो आणि तिथे मुरलेले लोकच जातात, ही बातमी माझ्यापर्यंत पोचायला अजून दोन महिने होते.

गुलमर्गच मुळात २,६५० मीटरच्या आसपास. तिथून गंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर सोडतो, ती जागा जवळजवळ ३,९५० मीटरवर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी वर साडेसहाशे मीटर उरतात. हे सगळं मी नीट वाचलं आणि शांतपणे टाइप केलं : 'दु. २.३० – अफरवटहून स्कीने खाली'. शेरा : 'हवामान पाहून'. शंका घ्यायची तर हवामानाबद्दल. माझ्याबद्दल घ्यायला रकानाच नव्हता.

गंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढायची असतात, ती काढली. दोन्ही टप्प्यांची, तिघांची. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही हेही माहीत होतं, त्यामुळे शीट फोनवर न ठेवता छापून लॅमिनेट केलं. बर्फात भिजायला नको. लॅमिनेट करणाऱ्याने विचारलं, "मुलाचं टाइमटेबल का?"

मग व्यायाम. मांड्या तयार पाहिजेत म्हणून भिंतीला पाठ टेकवून हवेतल्या खुर्चीवर बसायचं. आई दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, खुर्ची आहे की तिकडे."

व्हिडिओही पाहिले. नवशिक्याचा ब्रेक म्हणजे दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागचा भाग फाकवायचा. इंग्रजीत याला बर्फाचा नांगर म्हणतात. नांगर म्हटल्यावर बैल कोण, हे चिरंजीवांनी लगेच विचारलं. लहान मुलांना शिकवताना त्यालाच पिझ्झाचा तुकडा म्हणतात असंही कळलं. आमच्या घरी त्याचं नाव समोसा ठरलं.

प्रवासाचं फार सांगत नाही. श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर, टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधतात, आणि तिथून पुढे ड्रायव्हर सोडून सगळे देवाचं नाव घेतात.

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला आम्ही स्कीच्या दुकानात हजर. इथवर प्लॅन एक मिनिटही चुकला नव्हता. दुकानदाराने वय विचारलं, सांगितलं. उंची विचारली, सांगितली. मग त्याने वजन विचारलं.

आता हे वजन कशाला लागतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. बूट स्कीला ज्या खटक्यात अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. त्यातला स्प्रिंग किती आवळायचा हे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवर ठरतं, म्हणजे पडताना पाय पिळवटायच्या आत स्की आपोआप सुटावी. व्हिडिओतल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं, वजन खरं सांगा. पण त्या बाईंच्या शेजारी त्यांचा नवरा उभा नव्हता. माझ्या शेजारी बायको होती.

"सत्तर," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. ही माणसं बोलत नाहीत, जमा करून ठेवतात.

आणि मग बूट आले.

स्कीच्या बुटाला बूट म्हणणं ही भाषेची गरिबी आहे. ते जाड प्लास्टिकचं कवच असतं, एकेक दोनेक किलोचं, घोट्याच्या वरपर्यंत. पुढे चार बकल. पाय त्यात सरळ घुसत नाही. आधी खाली जाऊन मग काटकोनात वळावं लागतं, अंधारात चाळीचा जिना उतरल्यासारखं. त्यात थंडीने प्लास्टिक आणखी ताठलेलं. मी तीन जोड मोजे घातले होते, त्यातला एक आईने विणलेला. चवड्याने वळण घेतलं, टाच दारातच अडली. मी उभा राहून दाबलं. बाकावर बसून ओढलं. चिरंजीव तोवर दोन्ही बूट घालून दुकानात दोन फेऱ्या मारून आले होते.

शेवटी आम्हाला शिकवणारा मुलगा आला. पंचविशीचा, अंगात फेरन (काश्मिरी सैल झगा), गालांवर उन्हाचा रापलेला रंग. त्याने माझ्या पायाकडे असं पाहिलं जसं प्लंबर आधीच्या प्लंबरच्या कामाकडे पाहतो. "अंकल, मोजा एक. पतला." दोन जोड निघाले. पँटच्या आतली थर्मल मी नीट बुटात खोचली होती, तीही त्याने बाहेर काढली. नडगीवर सुरकुती राहिली की दिवसभर टोचते म्हणे. मग माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन म्हणाला, "अब खडे होके पूरा वजन डालो, सत्तर का सत्तर." टाच आत गेली. आवाज कुकरचं झाकण बसल्यासारखा. त्याने बकल आवळली तेव्हा मी माझ्या हिंदीत म्हणालो, "ये पिंडरी को रुतता है." तो म्हणाला, "रुतना चाहिए." एवढा मराठी शब्द त्याला कुठून कळला देव जाणे. आमच्यासारखे बरेच जण रुतून गेले असणार.

बाहेर पडलो तेव्हा १०.५० झाले होते. मी त्याला लॅमिनेट केलेला कागद दाखवला. मराठी त्याला वाचता येत नव्हतं, पण मी बोट ठेवून समजावलं. २.३०च्या ओळीपाशी तो थांबला. "अफरवट? स्की लेके?" मी मान डोलावली. त्याने अत्यंत अदबीने विचारलं, "अंकल, सिर्फ नीचे आना है, या घर भी जाना है?"

गोल्फच्या मैदानालगत एक उतार आहे, तिथे त्याने आम्हाला नेलं. उतार म्हणजे काय, आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प त्याहून अंगावर येतो. मला जरा अपमान वाटला. तो वरून पाहिल्यावर फिटला. वर जायचं तेही स्की पायात घालून, खेकड्यासारखं आडवं, एकेक पाऊल रुतवत. पंधरा पावलांत थर्मल भिजली. मी आत सुती बनियन घातला होता, त्याने सगळा घाम इमानाने धरून ठेवला. थांबलो की तोच घाम बर्फासारखा पाठीला चिकटायचा.

"घुटना मोडो. आगे झुको. नीचे देखना नहीं, सामने." मी निघालो. चार-पाच हात छान गेलो. मग वेग आला. वेग आला की माणूस घाबरून मागे रेलतो आणि मागे रेललं की स्की बेलगाम पुढे पळते, हे मला व्हिडिओतून पाठ होतं. पण बावीस वर्षांची सवय व्हिडिओला कुठली ऐकते? तोल गेला आणि माझा उजवा हात आपसूक वर गेला. कडी पकडायला. वर काश्मीरचं स्वच्छ निळं आकाश होतं. हातात काठी होती, ती आकाशाला टोचली आणि मी बसलो.

बायको खाली काठाशी फेरन घालून, कावा म्हणजे काश्मिरी चहा पीत उभी होती. दुसऱ्या फेरीला माझा वेग पाहून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "समोसा! अहो, समोसा करा! समोसा!" मी केला. टोकं जवळ आली, जरा जास्तच जवळ आली, एकमेकींवर चढली. उजवी स्की खटकन सुटली आणि मी तोंडावर. मान वर केली तेव्हा दोन पर्यटक बायकोला विचारत होते, समोसे कितीला दिले.

पडण्याचं दुःख नाही, उठण्याचं आहे. डोकं उताराकडे आणि पाय वर, अशा स्थितीत माणूस उठूच शकत नाही. आधी पाठीवर गोल फिरून स्की उताराला आडव्या करायच्या, मग उठायचं. तोवर कॉलरमधून शिरलेला बर्फ वितळून पाठीच्या मणक्याने सावकाश खाली निघतो, कसलीही घाई नसल्यासारखा. शेजारून पाच-सहा वर्षांची स्थानिक पोरं काठ्याबिठ्या न घेता सुईसारखी निघून जात होती. गुलमर्गला लष्कराची शाळा आहे, १९४८ पासूनची, जवानांना बर्फात लढायला शिकवणारी. माझी बर्फाशी अजून तहाची बोलणी चालू होती.

पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. स्की सुटायची. पडल्यावर सुटते हे ठीक, माझी पडायच्या आधी सुटायची. जरा झटका बसला, खटक. वळलो, खटक. एकदा तर मी नुसता उभा राहून शिंकलो. पाचव्यांदा सुटली तेव्हा शिकवणाऱ्याने ती उचलून बाइंडिंगचा आकडा पाहिला. मग मला पाहिलं. पायापासून वर, सावकाश.

"अंकल, वजन कितना लिखवाया?"

"सत्तर."

"और असली?"

मी घसा खाकरला. उंचावर हवा विरळ असते, आवाज लांब जात नाही असा माझा समज होता. बायकोचा गेला. "ब्याऐंशी!" काठावरून उत्तर आलं, आणि एक घोट कावा पिऊन पुढे, "संक्रांतीचे लाडू धरून त्र्याऐंशी!"

त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघ्यावर बसला आणि भर उतारावर, चार कुटुंबांसमोर, माझं खरं वजन पिळून आत बसवलं. चारही बाजूंनी. दोन पुढे, दोन मागे.

त्यानंतर स्की सुटल्या नाहीत, हे मान्य करावं लागेल.

मधे एक अध्याय स्वच्छतागृहाचा आहे. तो इथे लिहिण्यासारखा नाही. एवढंच सांगतो की, तीन थर, वरच्या पँटला खांद्यावरून जाणारे पट्टे, घोटा न वळणारे बूट आणि सहा ओल्या पायऱ्या, यातल्या एकाही गोष्टीला माझ्या शीटमध्ये ओळ नव्हती. जाऊन यायला पस्तीस मिनिटं लागली.

२.३०ला बायको आणि चिरंजीव तिकिटं घेऊन गंडोलाने अफरवटला गेले. त्यांचं प्लॅनप्रमाणेच झालं. मी मात्र त्याच रॅम्पवर अकराव्यांदा खेकडा होऊन चढलो, गुडघे वाकवले, नडगी बुटावर टेकवली, दोन्ही हात जाणूनबुजून खाली दाबून धरले आणि निघालो. पडलो नाही. समोसा झाला, बऱ्यापैकी तिकोनी. उतार संपला तिथे मी थांबलो. उतार संपल्यामुळे थांबलो की समोशामुळे, यात मी पडलो नाही. मागे वळून पाहिलं तर बर्फावर दोन रेघा होत्या, वाकड्या, पण सलग. पाहायला कोणीच नव्हतं. शिकवणारा चिरंजीवांच्या वयाच्या दुसऱ्या एका मुलाला उचलत होता.

संध्याकाळी बूट काढले तेव्हा पाय मला परके वाटले. रात्री जेवताना नून चहा मागवला. गुलाबी रंग बघून गोड असेल म्हणून मोठा घोट घेतला, तो खारट निघाला. त्या दिवसाला ते शोभून दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पुन्हा तोच बाक. मोजा एक, पातळ. चवडा आत गेला, वळला, टाच पुन्हा दारात अडली. शिकवणारा अजून आला नव्हता. मी दाबलं, ओढलं, घामाघूम झालो. बायको शेजारी उभी राहून बघत होती. मग तिने काही न बोलता माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातला, लॅमिनेट केलेला प्लॅन काढला, उभी घडी घालून माझ्या टाचेमागे सरकवला आणि म्हणाली, "आता घाला जोर."

निळ्या लाइनीवरून टाच घसरत गेली आणि खटकन आत बसली.