मोडलचा तक्ता आता पुरे

दहावी-बारावीची मुलं इंग्रजीतली मोडल, म्हणजे कॅन-मस्टसारखी साहाय्यक क्रियापदं, कशी शिकतात? कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे शक्यता, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे सल्ला. तक्ता पाठ, मार्क हातात. दादरला मी नोकरी करणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळी इंग्रजी शिकवते आणि हा तक्ता त्यांना कामावर किती तोकडा पडतो ते बघते.

मस्ट आणि हॅव टू होकारात जवळजवळ सारखेच वाटतात. ‘यू मस्ट कम’ काय नि ‘यू हॅव टू कम’ काय, यावं लागणारच. नकार आला की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येऊ नका, सक्त मनाई. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. परळच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मुली माझ्या वर्गात असतात. ऑपरेशनआधीचं ‘मस्ट नॉट ईट’ जर पेशंटपर्यंत ‘नाही खाल्लं तरी चालेल’ असं पोचलं, तर भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं म्हणून ऑपरेशनच पुढे ढकलावं लागतं. तक्त्यात हे येतच नाही, कारण तिथे नकारार्थी वाक्यच नसतं.

शिवाय बोलणारा कोण, यावर सगळं फिरतं. पाहुण्याला ‘यू मस्ट हॅव सम मोअर’ म्हटलं तर तो आग्रह. साहेबांना मेलमध्ये ‘यू मस्ट अप्रूव्ह धिस’ लिहिलं तर तो हुकूम, तिथे ‘कुड यू’च हवं. पण कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ एवढंच शिकलेली मुलं ते लिहायला बिचकतात. आणि ‘ही मस्ट बी ॲट कुर्ला बाय नाऊ’ यात तर सक्तीचा मागमूस नाही, नुसता खात्रीचा अंदाज आहे.

इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनाही हा घोळ परवडला नाही. १९९७ साली आरएफसी २११९ या दस्तऐवजात त्यांनी लिहूनच टाकलं: मस्ट म्हणजे अट, शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडता येईल असं, मे म्हणजे ऐच्छिक. आयटीत जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून दाखवते.

मराठी माध्यमाच्या मुलांना यातलं काहीच अवघड नाही. ‘येऊ नकोस’ आणि ‘नाही आलास तरी चालेल’ यांत पहिलीतलं पोरही गल्लत करत नाही. शिक्षकांनी तिथून सुरुवात करावी. आणि बोर्डाने मोडलच्या प्रश्नात एक ओळ वाढवावी: कोण, कोणाला, कुठे बोलतंय.