‘आज मुलींना कोण अडवतं?’ मामांच्या फॉरवर्डला उत्तर

आजोळच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात मामांनी एक फॉरवर्ड टाकला. वर दोन तिरंगे, खाली ‘कटू पण सत्य’. तोच मजकूर आधी स्टाफच्या ग्रुपवर येऊन गेला होता, नंतर सोसायटीच्या. मुलींना विज्ञान-तंत्रज्ञानात आणि उद्योगात आणायचा सरकारी सोस बंद करा, असा एकूण सूर. कारणं त्याच्याच शब्दांत: ‘निसर्गानेच आवड वेगळी दिली आहे, नॉर्वे-स्वीडन बघा. आज मुलींना कोणीही अडवत नाही. आयआयटीत त्यांच्यासाठी मुलांच्या जागा कापल्या जातात. लग्न झालं की घरी बसतात, सीट वाया. धंद्यातली जोखीम बायकांना झेपत नाही, पापड-लोणची ठीक. आणि जी खरी हुशार असते ती सवलतीशिवाय पुढे येतेच.’

मी ‘मामा, हे बरोबर नाही’ एवढंच टाकलं. त्यावर मामा म्हणाले, ‘मुद्द्याला मुद्दा लिही, भावनिक होऊ नकोस.’ बरं, लिहिते. मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवते. १९९६ साली डिप्लोमाला बसले तेव्हा साठाच्या वर्गात आम्ही दोघी होतो. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

‘निसर्गानेच आवड वेगळी दिली आहे.’

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत, पदवीपासून पीएचडीपर्यंत, ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यात मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. २०२४ च्या नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, पात्र ठरलेल्या मुली मुलग्यांपेक्षा दोन लाखांहून जास्त होत्या. नीटच्या पेपरात फिजिक्स-केमिस्ट्री असतं, रांगोळी नसते.

इंजिनिअरिंगला मात्र मुली तीस टक्क्यांच्या आत आहेत, हे खरं. पण आत शिरून बघा. आमच्याकडे वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या वर्गात निम्म्याच्या आसपास मुली असतात. जिना उतरून मेकॅनिकलला या, साठात चार. दहावी तीच, गणिताचा पेपर तोच. निसर्गानं मुलींच्या डोक्यात जावा घातली आणि थर्मोडायनॅमिक्स तेवढं वगळलं असेल, तर निसर्गाचा सिलॅबस एकदा एआयसीटीईकडून, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेकडून, तपासून घ्यायला हवा.

जिन्यावर काय होतं ते मी दर जून-जुलैत प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर बसून बघते. परवाचीच गोष्ट. एका मुलीनं ऑप्शन फॉर्ममध्ये मेकॅनिकल पहिलं टाकलं होतं. वडिलांनी मला विचारलं, ‘मॅडम, यात शॉप फ्लोअरला उभं राहावं लागतं का? शिफ्ट असते का?’ मी म्हटलं, असते. ते मुलीला म्हणाले, ‘खाली घे गं ते.’ तिनं माउस धरला आणि मेकॅनिकल पहिल्यावरून सातव्यावर नेलं. फॉर्म लॉक झाला. पुढच्या वर्षी हीच मुलगी कुणाच्या तरी तक्त्यात ‘आवड: कॉम्प्युटर’ म्हणून मोजली जाईल. वडिलांनाही मी दोष देत नाही. ते नोकरीचा हिशेब करत होते, आणि हिशेब चुकीचा नव्हता. त्यावर पुढे येते.

अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या. पंचवीस वर्षांत हा आकडा १८ च्या आसपास घसरला. मुलींचा मेंदू पंचवीस वर्षांत बदलत नाही. घरगुती कॉम्प्युटर मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

नॉर्वे-स्वीडनचं म्हणाल, तर तो डोलारा बराचसा २०१८ च्या एका शोधनिबंधावर उभा आहे: समानता जास्त, तिथं विज्ञानात मुली कमी. दुसऱ्या संशोधकांना तेच आकडे वापरून तोच निकाल मिळेना. मग कळलं, की ‘मुलींचं प्रमाण’ म्हणून जे मोजलं होतं ते सरळ प्रमाण नव्हतंच. २०१९ मध्ये नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. दुरुस्तीचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

‘आज मुलींना कोणीही अडवत नाही.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदी होती. ती सैल झाली २०१९ मध्ये. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना तर खाण अभियांत्रिकीच्या नुसत्या प्रवेशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणजे २०१८ पर्यंत जो कोणी ‘मुलींना मायनिंगची आवड नसते’ म्हणत होता, तो कायद्यालाच आवड म्हणत होता. कारखान्यांचंही तसंच. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कामावर ठेवायला मनाई होती. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये अटी घालून ती सैल केली. तिन्ही शिफ्टना माणूस लागणाऱ्या मॅनेजरनं त्याआधी मुलगी घेतली असती का?

आता कायदा अडवत नाही. मग काय होतं? काही वर्षांपूर्वी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीचा कॅम्पससाठी मेल आला. मेकॅनिकल डिप्लोमा, साठ टक्के, बॅकलॉग नको, आणि शेवटच्या ओळीत ‘फक्त मुलगे’. वर्गात पहिली आलेली मुलगी टीपीओच्या, म्हणजे कॅम्पस नोकऱ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, केबिनबाहेर फाइल छातीशी धरून उभी. मी एचआरला फोन लावला. माणूस सभ्य होता. म्हणाला, ‘मॅडम, नाइटला गाडीची सोय नाही. शिवाय उद्या मॅटर्निटीचा खर्च कंपनीवर.’ पगार देणार होते साडेसतरा हजार. मी म्हटलं, साहेब, एकवीस हजारांपर्यंतचा कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत येतो. बाळंतपणाच्या रजेचा पगार ईएसआय देतं, तुम्ही नाही. आणि भरतीत बाई म्हणून डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यात बंदी आहे. पलीकडं क्षणभर शांतता. मग म्हणाला, ‘हो, पण पॉलिसी आहे मॅडम.’

ती मुलगी आता बँकेच्या परीक्षा देते. फॉरवर्डवाल्यांच्या हिशेबात ही ‘सीट वाया’. आणि सुविधा केंद्रातल्या त्या वडिलांच्या कानावर अशाच गोष्टी पडलेल्या असतात.

‘आयआयटीत मुलांच्या जागा कापल्या.’

साफ चूक, आणि तपासायला पाच मिनिटं पुरतात. २०१८ पासून मुलींसाठी दिल्या त्या अधिसंख्य जागा आहेत, म्हणजे आधीच्या जागांवर वाढवलेल्या. मुलग्यांना मिळू शकणाऱ्या जागा कमी होणार नाहीत या बेतानंच त्या काढल्या. तोवर आयआयटीत मुली दहा टक्क्यांच्याही आत असायच्या. १४, मग १७, मग २० टक्के असा टप्पा ठरला. जेईई अॅडव्हान्स्ड पार करावीच लागते. हो, मुलींच्या जागांची शेवटची रँक खाली जाते. ते लपवायचं काही कारण नाही. पण दोन वर्षं लाखोंची फी भरून परगावी क्लासला कुणाला पाठवतात, भावाला की बहिणीला, हे आपल्याच घरात आठवून बघा.

‘लग्न झालं की घरी बसतात.’

पीएचडी झालेल्या बायका संशोधन का सोडतात, हे कुणी त्यांनाच विचारलं का? विचारलंय. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरची एनआयएएस ही संशोधन संस्था यांनी ५६८ जणींना विचारून २०१० मध्ये अहवाल काढला. मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले त्या कामात होत्या. संशोधनाबाहेर पडलेल्यांनी सगळ्यात जास्त बोट दाखवलं ते नोकरी न मिळण्याकडे. घरच्यांचा पाठिंबा नव्हता म्हणून सोडलं, असं म्हणणाऱ्या अगदी थोड्या. कित्येक संस्थांत नवरा-बायको दोघांना एकत्र घेत नाहीत. असं कुठं छापलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. मग एकानं मागं राहायचं, आणि ते कोण हे विचारावं लागत नाही. त्याच अहवालातला दुसरा आकडा बघा. संशोधनात टिकलेल्या बायकांत १४ टक्के अविवाहित राहिल्या होत्या, पुरुषांत अडीच. म्हणजे लग्नानं करिअर सुटतं हे अर्धं खरं. करिअरसाठी लग्न सोडणाऱ्या असतील, त्यांना फॉरवर्ड मोजतच नाही.

घरी बसतात म्हणजे तरी काय? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, आणि करणाऱ्या पुरुषांचा ८८. त्यात मुळात करणारे पुरुषच थोडे. पावणेपाच तासांची ही एक शिफ्टच झाली, फक्त हिला ओव्हरटाइम नाही.

आणि एक राहिलंच. आयआयटीतून मेटलर्जी करून मुलगा बँकेत डेरिव्हेटिव्हज विकायला गेला, तर त्याची सीट वाया गेली असं कुणी म्हणालेलं ऐकलंय? पेढे वाटतात.

‘धंद्यातली जोखीम झेपत नाही.’

इथं फॉरवर्डला एक गुण देते. ‘महिला उद्योजक’ या आकड्यांत हवा असते. सवलतीसाठी बायकोच्या नावावर फर्म, सही तिची आणि धंदा त्याचा, हे कुठल्याही एमआयडीसीत फेरी मारली की दिसतं. पण म्हणून बाई जोखीम घेत नाही, असं होत नाही. जोखीम घ्यायला आधी हातात काहीतरी लागतं.

बँक तारण मागते. जमीन? हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मान्य केला. प्रत्यक्षात वडील गेले की वर्षभरात बहिणींना तहसीलला बोलावतात, चहा होतो, आणि हक्कसोडपत्रावर सह्या होतात. भाऊ साडी देतो. मीही केलीय सही, मामा, तुम्ही साक्षीदार होतात. राहिलं सोनं, आणि ते बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यासाठी आधीच गहाण पडलेलं असतं. ही जोखीम कुणाच्या नावावर धरायची?

लघुउद्योगांच्या नोंदणीसाठी असलेल्या सरकारी उद्यम पोर्टलवर २०२० पासून नोंदलेल्या उद्योगांत बायकांचे २०.५ टक्के, पण गुंतवणुकीत त्यांचा वाटा ११.१५ टक्के. म्हणजे धंदा काढतात, भांडवल मिळत नाही. माझी एक विद्यार्थिनी भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, जॉबवर्क करते. दुसऱ्या मशीनसाठी कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट, सिबिल सगळं घेऊन बँकेत गेली. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, ‘मिस्टर काय करतात?’ लग्न झालेलं नाही म्हटल्यावर, ‘मग वडिलांना घेऊन या.’ ती एकोणतीस वर्षांची आहे आणि तिच्याकडे तीन माणसं कामाला आहेत.

पापडाबद्दल एवढंच, की लिज्जत १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं. किरण मजुमदार-शॉ यांना ऑस्ट्रेलियात ब्रूइंग शिकून आल्यावर इथं कुणी ब्रुअरीत घेईना, तेव्हा १९७८ मध्ये बायोकॉन निघाली. पापड आणि बायोटेक, दोन्हीकडं जोखीम बायकांचीच होती.

‘जी हुशार असते ती पुढे येतेच.’

कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या तेव्हा मुंबई विद्यापीठात चमकून आल्या होत्या. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण मुलगी. त्या सत्याग्रहाच्या तयारीनं अडून बसल्या, तेव्हा अटींवर घेतलं: वर्षभर नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री-अपरात्री काम करायचं, मुलग्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. वर्षानंतर त्या नियमित झाल्या आणि रामन यांनी संस्थेत मुलींना घ्यायला सुरुवात केली. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी.

बघा, हुशार बाई पुढे आलीच, असं फॉरवर्ड म्हणेल. मला दिसतं ते वेगळं. घरात दोन रसायनशास्त्रज्ञ, हातात पदवी आणि सत्याग्रहाची तयारी, एवढं सगळं असून तिला वर्षभराचं ‘प्रोबेशन’. ज्यांच्या घरी काका केमिस्ट नव्हते त्या दारावरूनच परत गेल्या असतील, आणि त्यांची नावं सांगायला कुणी नाही.

मामांचं शेवटचं विचारणं असं, की मग सरकारनं प्रोत्साहन द्यायचं तरी काय? आमच्याकडं आठ मार्चला देतात. व्याख्यान असतं, ‘तुम्ही काहीही करू शकता’, मग प्रत्येकीला गुलाबाचं फूल. मुलींना ते आधीच माहीत असतं, नाहीतर मेकॅनिकलला आल्या कशाला असत्या.

माझ्या वेळी वर्कशॉपच्या इमारतीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. लेथवर जॉब लावलेला असताना मैदान ओलांडून ऑफिसच्या इमारतीत जावं लागायचं, म्हणून आम्ही दोघी प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचो नाही. आता बांधलंय, टाइल्स लावून. कुलूप असतं. किल्ली अजून ऑफिसात, शिपायाच्या ड्रॉवरमध्ये आहे.