चारांपेक्षा त्या १०६ जणांकडे बघा
मुंबईचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांच्यावरच्या लेखात २०१२ चा, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या चार रुग्णांचा शोधनिबंध आला, पण त्यांचं धारावीतलं काम सांगायचं राहिलं. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९१ मध्ये संशोधक मुकुंद उपलेकरांना तिथल्या १०० खासगी डॉक्टरांकडून टीबीसाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना मिळाल्या. उदवाडियांनी जवळपास वीस वर्षांनी तेच विचारलं: डॉक्टर १०६, औषधयोजना ६३, बरोबर त्यातल्या बोटांवर मोजण्याइतक्या! चुकीच्या औषधांनी जंतू मग चिवट होणारच. आपण मात्र ‘गोळ्या अर्धवट सोडल्या’ म्हणून पेशंटलाच झापतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला कोण विचारतं? टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन चालेल की नाही हे जीनएक्स्पर्ट या तपासणीत दोनेक तासांत कळतं, तरी अंदाजपंचे औषधं चालूच.