शिळफाटा आमच्या पाठीशी आहे

डोंबिवलीकराला उशीर झाला तर कुणी कारण विचारत नाही. बाकीच्या जगाला त्यासाठी पोट बिघडवावं लागतं, गावाकडचा एखादा चुलता दुसऱ्यांदा मारावा लागतो. आम्ही नुसतं ‘शिळफाटा’ म्हणतो, रोज वाहतूक कोंडणाऱ्या आमच्या नाक्याचं नाव, आणि समोरचा माणूस मान हलवत पाण्याचा ग्लास पुढे करतो.

मी राहतो डोंबिवली पूर्वेला आणि नोकरी करतो नवी मुंबईतल्या महापेला. नकाशात ही दोन ठिकाणं जवळजवळ खेटून दिसतात, मध्ये काय तो पारसिकचा डोंगर. ‘मग लोकलने का जात नाही?’ असं विचारणारे लोक बहुधा पुण्याचे असतात. लोकलने जायचं म्हणजे आधी डोंबिवलीला चढायचं (हे लिहायला सोपं आहे), मग ठाण्याला उतरायचं, गर्दीने उतरू दिलं तर. तिथून पुलावरून ट्रान्स-हार्बरचा फलाट गाठायचा, घणसोली किंवा कोपरखैरण्याला उतरायचं आणि रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. त्यापेक्षा कोंडी बरी. कोंडीत बसायला मिळतं.

म्हणून आम्ही चौघं एका गाडीने जातो. गाडी माझी, पेट्रोल वाटून. पुढे शेजारच्या वहिनी बसतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण चालवणाऱ्याला चालवता येतं. ‘डावीकडची लाइन हलतेय बघा,’ असं त्या म्हणाल्या की मी डावीकडे घुसतो आणि डावीकडची लाइन थांबते. मागे आयटीतला एक मुलगा असतो. मानपाडा सर्कल गेलं की तो लॅपटॉप उघडतो आणि महापे येईपर्यंत त्याचं निम्मं काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं तो परतताना करतो. ऑफिसात मग काय करतो, हे आम्ही विचारत नाही.

चौथे काका. निवृत्तीनंतर एका कारखान्याचे हिशेब बघतात. ते पूर्वी कल्याणला राहायचे आणि तिथल्या रेल्वेवरच्या पत्रीपुलाबद्दल निवृत्त सुभेदार पासष्टच्या लढाईबद्दल बोलतो तसे बोलतात. १०४ वर्षांचा जुना पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा उघडला जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात काकांनी म्हणे रिक्षात बसल्या बसल्या दासबोध वाचून संपवला. त्यात सप्टेंबर २०१९ मध्ये डोंबिवलीचा कोपर पूलही बंद झाला, तो दोन वर्षांनी उघडला. ‘तुम्ही आज ज्याला ट्रॅफिक म्हणता ना,’ असं म्हणून काका खिडकीबाहेर बघतात आणि वाक्य पुरं करत नाहीत. त्यांच्यापुढे आपण काहीच भोगलेलं नाही असं वाटून आम्ही तिघंही ओशाळतो.

आमच्या रस्त्याला शेजारही भरपूर. एका कडेला बारवी धरणाचं पाणी नेणाऱ्या जाडजूड पाइपलाइनी, मधोमध कल्याण–तळोजा मेट्रोचं काम आणि उरलेल्या जागेत कंटेनर. न्हावा-शेवा बंदरातून निघालेला माल भिवंडीला जायचा असो, नाशिकला की गुजरातला, शिळफाट्याला तो आम्हाला भेटून जातो. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे त्या वेळेत ती रस्त्यावर नसतात, रस्त्याच्या कडेला असतात. म्हणजे एक मार्गिका त्यांची. रस्ता एका खात्याचा, मेट्रो दुसऱ्याची, पाइपलाइन तिसऱ्याची, हवालदार चौथ्याचा. कोंडी तेवढी आपली.

काटईच्या अलीकडे, जिथे एके काळी प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता, तिथे आता उंच टॉवर आहेत. मोटारी अजूनही तिथेच असतात, फक्त उभ्या. पुढे एक भलामोठा जाहिरातफलक आहे: ‘नवी मुंबई फक्त १५ मिनिटांवर!’ त्या फलकाखाली आमची गाडी रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभी असते, त्यामुळे त्यातला बारीक छापही आमचा पाठ झालाय. फोटोतलं हसरं कुटुंब बाल्कनीतून खाली बघत असतं. त्या बाबाच्या हातात गाडीची किल्ली आहे. आमचा आयटीवाला रोज त्याला हात करतो.

एकदा तिथेच उजव्या बाजूला एक ट्रेलर येऊन थांबला. केबिनच्या उघड्या दारात क्लीनर मांडीवर ताट घेऊन कांदा चिरत होता. वहिनी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी पाठीमागची काच खाली करायला लावली आणि मान वेळावून ओरडून सांगितलं, ‘अरे, बारीक चीर!’ त्याला मराठी कळत नसावं, पण स्वयंपाकातलं कळलं. त्याने तोच कांदा पुन्हा चिरायला घेतला. आम्ही पुढे सरकलो, मग तो पुढे सरकला, मग पुन्हा आम्ही. निळज्याच्या रेल्वेपुलावर त्याच्या स्टोव्हवरच्या फोडणीचा वास आला. ‘हिंग घातलेला नाही,’ वहिनी म्हणाल्या.

पण कोंडीचे खरे उपकार आहेत ते घरच्या आघाडीवर. नको असलेलं बारसं, लांबलेली मुंज, वाशीला राहणाऱ्या मामेसासऱ्यांचा एकसष्टीनिमित्त स्वतःच्या कवितांचा कार्यक्रम: सगळ्याला एकच उत्तर. त्या कार्यक्रमाच्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून फोनवर सांगत होती, ‘अहो मामी, केव्हाचे निघालोय, काटईलाच अडकलोय बघा.’ नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. मामींनी विचारलं, हे कसलं गं? बायको क्षणभरही थांबली नाही. ‘ट्रेलर हो. एअरब्रेक लावला त्याने.’ डाळीला तीन शिट्ट्या लागतात. मामींना वाटलं, बिचारी ट्रेलरांच्या गराड्यात सापडलीये. त्यांनी परत जायची गळ घातली आणि आम्ही ती मानली.

आता सांगतो, गेल्या महिन्यात आमच्यावर काय प्रसंग गुदरला ते.

कुणीतरी फार मोठे पाहुणे या रस्त्याने जाणार होते. रात्रीत खड्डे बुजले. दुभाजकाला पिवळा-काळा रंग लागला, तो सकाळी ओला होता. कंटेनर कुठे नेऊन ठेवले होते देव जाणे. दर पन्नास पावलांवर एक हवालदार, आणि प्रत्येक जण ‘चला, चला’ म्हणत होता. डोंबिवलीच्या माणसाला ‘चला’ म्हणणारा हवालदार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

गाडीत शांतता पसरली. मी चौथा गिअर टाकला, तर काकांनी वरचं हँडल पकडलं. त्यांना काटईला रक्तदाबाची गोळी घ्यायची असते. काटई कधी मागे गेलं ते कळलंच नाही. वहिनी पलाव्याच्या सिग्नलला डबा उघडून पोहे खातात. त्यांनी झाकण काढलं आणि पलावा गेलं, देसाई गाव गेलं, शिळफाट्याच्या वळणावर पोहे काकांच्या धोतरासारख्या पांढऱ्याशुभ्र पँटवर गेले. आयटीवाल्याचा लॅपटॉप अजून सुरू होत होता. ‘काका, जरा हळू घ्यायला सांगा ना,’ तो म्हणाला, ‘माझा अपडेट चाललाय.’

बावीस मिनिटांत महापे. ऑफिसचं शटर अर्धं उघडलेलं होतं. वॉचमनने मला ओळखलं, पण या वेळी ओळखणं त्याला बरोबर वाटेना, म्हणून त्याने ओळखपत्र मागितलं. आत दिवे नव्हते. साहेब मात्र आलेले होते, ते जवळच राहतात. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

‘म्हणजे येता येतं,’ ते म्हणाले.

मी पाहुण्यांचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, कंटेनरचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे फोन काढला, नकाशात डोंबिवली ते महापे टाकलं आणि ती हिरवीगार रेघ मला दाखवली. वर लिहिलं होतं, २२ मिनिटं. त्यांनी त्याचा स्क्रीनशॉट काढला.

तेव्हापासून रोजची मीटिंग साडेनऊला ठेवलीये. दुसऱ्याच दिवशी मी काटईहून ग्रुपवर फोटो टाकला: पुढे टँकर, मागे टँकर, आकाश थोडंसं. साहेबांनी खाली तो स्क्रीनशॉट टाकला. तिसऱ्या दिवशी फुटलेल्या पाइपलाइनचं कारंजं टाकलं, अगदी व्हिडिओसकट. खाली स्क्रीनशॉट. वर्षानुवर्षं जपलेली पत एका सकाळी गेली, आणि तीही कुणा दुसऱ्याच्या पाहुणचारापायी.

गाडीत यावर बरीच खलबतं झाली. आम्हाला बराच वेळ असतो. शेवटी वहिनींनी तोडगा काढला: असा दौरा पुन्हा आला की त्या दिवशी चौघांनी सरळ रजा टाकायची, म्हणजे वेळेवर पोहोचण्याची आफतच नको. हे सगळ्यांना पटलं. काका आता पेपरात निधनवार्तांच्या आधी दौऱ्यांच्या बातम्या वाचतात. ‘मेट्रोच्या उद्घाटनाला तर मोठं कुणीतरी येणारच,’ ते परवा म्हणाले. आयटीवाल्याने लगेच कॅलेंडर उघडलं, त्या दिवसापुढे ‘ताप’ लिहून ठेवतो म्हणाला, आणि तारीख विचारली.

आम्ही तिघं खिडकीबाहेर बघू लागलो.