‘तळाला जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांना एका आईचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तिघांकडून आला. माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि माझ्या चुलत जावेने तर हात जोडल्याची खूण टाकून वेगळा पाठवला. ‘व्यसनी मुलाच्या आईवडिलांसाठी पाच कडू सत्यं’. ती सत्यं थोडक्यात अशी: मुलाला घराबाहेर काढा, तळाला गेल्याशिवाय तो सुधारत नाही. आईच्या लाडानेच मुलगा बाटलीला लागतो. लग्न लावून द्या, नाहीतर जेवणातून गुपचूप गोळी द्या. सोडून परत प्यायला तर उपचाराचा पैसा पाण्यात गेला समजा. आणि पाच वर्षं कोरडी गेल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत फिटर आहे. दारू सोडून त्याला एक वर्ष आठ महिने झाले. मी सिडकोत घरीच ब्लाउज शिवते. हे लिहू का, असं त्याला आधी विचारलं. “लिही, फक्त माझं नाव नको,” म्हणाला.

पहिल्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ते आम्ही करून बसलोय. असाच सल्ला कुणीतरी दिला आणि एका रात्री ह्यांनी आतून कडी लावली. मी दाराशीच बसून होते, पण उघडलं नाही. त्याच्या खिशात दमडी नव्हती, त्यामुळे प्यायलाही मिळाली नाही. आम्हाला वाटलं, बरंच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सीबीएस बस स्टँडच्या आवारात त्याला झटका आला. एका रिक्षावाल्या दादांनी उचलून दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा जीभ चावलेली, शर्टावर रक्त, एका पायात चप्पल नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. पुढच्या दोन-चार दिवसांत काहींना भास होतात, अंगात ताप भरतो, थरथर सुटते, आणि त्यात माणूस जाऊही शकतो. म्हणून अशाची दारू डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं देत सोडवावी लागते. मुलाला धडा शिकवतोय असं समजून आम्ही त्याचा जीव टांगणीला लावला होता.

आपण नाशिकची माणसं. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की पाणी कुठवर चढलं हे आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरवतो. पण पाणी त्याच्या गळ्याशी लागेपर्यंत सराफ बाजारातला दुकानदार हातावर हात धरून बसत नाही. पाणी चढायला लागलं की माल वर हलवायला घेतो. मग पोटच्या पोराच्या बाबतीतच गळ्याशी येण्याची वाट का बघायची?

आणि वाट बघावी लागत नाही, हे तपासलेलंही आहे. उपचाराला ठाम नकार देणाऱ्या दारूग्रस्तांच्या नातेवाइकांवर १९९९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिलर, मायर्स आणि टोनिगन हे तो करणारे. घरच्यांना वागणं शिकवलं: तो शुद्धीत असताना जवळ बसा, प्यायलेला असताना वाद घालू नका, पिण्याचे परिणाम त्याचे त्यालाच भोगू द्या, आणि तो मऊ झालेला असेल त्याच क्षणी उपचाराचं विचारा. अशा घरांतले ६४ टक्के उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीने आले ३० टक्के. आमच्या समुपदेशक ताईंनी हे आकडे सांगितले तेव्हा मला त्या रात्रीची कडी आठवली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण होत असेल, सुनेच्या किंवा नातवंडांच्या जिवाला धोका असेल, तर त्यांनी आधी सुरक्षित जागी जावं. तो बचाव आहे आणि तो करायलाच हवा. त्याला इलाज म्हणू नका, एवढंच.

आता लाडाचं. यातलं अर्धं मला मान्य आहे. त्याच्या कंपनीत फोन करून “ताप आलाय” असं मी स्वतः सांगितलंय. बारची उधारी ब्लाउजच्या पैशातून फेडलीय. ते चुकलंच. पण त्याने प्यायला सुरुवात माझ्या लाडाने केली नाही. कुटुंबीयांच्या मीटिंगमध्ये तीन वाक्यं शिकवतात: हे मी लावलेलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. पहिलं वाक्य म्हणताना मी रडले होते. आता आमच्याकडे हातात रोख पैसे देणं बंद, त्याच्यासाठी खोटं बोलणं बंद. जेवण, बोलणं आणि दवाखान्याची तारीख चालू. माया तेवढीच आहे. फक्त ती कुठे वापरायची हे आता कळतं. २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात असं दिसलं, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतो. आपल्याकडे मदत जास्त होत नाही, ती पोचतच नाही. असे मेसेज वाचून आणखी चार आया गप्प बसतील, याची मला धास्ती वाटते.

लग्न लावून द्या म्हणे. कुणाची तरी मुलगी म्हणजे औषधाची बाटली नव्हे. यावर मी जास्त बोलणार नाही. गुपचूप गोळी मात्र थेट जिवाशी खेळ आहे. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. ती पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली, असं होतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही तो धोका राहू शकतो. ज्याला गोळी घेतल्याचं माहीतच नाही तो पिणारच. आणि पुढ्यातल्या ताटावरचा त्याचा विश्वास गेला, तर तो पुन्हा घरात जेवेल का?

परत प्यायला म्हणजे सगळं फुकट, हा मुद्दा आमच्या घरात घडलाय. पहिल्या उपचारानंतर पाच महिन्यांनी, मित्राच्या हळदीत. चार दिवस प्यायला. पाचव्या दिवशी पहाटे माझ्या मशीनजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आई, मला परत ॲडमिट कर.” पहिल्या वेळी आम्ही दोघांनी धरून नेलं होतं, या वेळी तो स्वतः रिक्षात बसला. पहिल्या उपचारातलं काहीतरी आत राहिलं असल्याशिवाय हे कसं झालं? व्यसनात परत घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही पथ्य-औषध सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण साधारण तसंच, किंबहुना थोडं जास्तच. ह्यांचं बीपी वाढलं तेव्हा उपचार फुकट गेले असं कुणी म्हणालं नाही. गोळी बदलून दिली.

राहिलं ते पाच वर्षांचं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. पाच वर्षांनी मी असेन की नाही, कोण सांगणार? व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये सांगतात, ‘फक्त आजचा दिवस’. आज प्यायची नाही, उद्याचं उद्या. पोराला एका दिवसाचा नेम, मग आईने आनंदासाठी पाच वर्षांचा नेम का धरायचा? आनंद मानला म्हणून मी बेसावध झालेली नाही. पगाराचा दिवस आला की माझे कान अजून दाराकडे असतात. पण यंदा रंगपंचमीला मित्र त्याला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर, न्यायला आले, तेव्हा तो उंबऱ्यातूनच म्हणाला, “आज नको रे.” मग घरी मिसळ केली. ह्यांनी रस्सा तीनदा मागून घेतला.

पूर्वी त्याचे हात इतके थरथरायचे, की चहा कपातून बशीत आणि बशीतून शर्टावर. परवा संध्याकाळी लाइट गेले होते. मला सुई दिसेना. त्याने माझ्या हातातून ती घेतली, मोबाइलच्या उजेडात धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्या खेपेला ओवून दिला. त्याला त्यात काही वाटलं नाही. तो परत मोबाइल बघायला लागला. मी पाच मिनिटं एकही टाका घातला नाही.

मेसेज पाठवणाऱ्या जावेला मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिच्या घरी गेले. तिचा भाऊ पितो, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी तिला व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४४४६ आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ असे दोन्ही नंबर कॅलेंडरवर लिहून दिले. शनिवारी कुटुंबीयांच्या मीटिंगला येते का, विचारलं. “लोक काय म्हणतील,” असं दोनदा म्हणाली, आणि मग रिक्षा किती वाजता ठरवायची ते विचारलं. साडेचारला निघणार आहोत.