सावली काचेच्या बाहेर हवी

माझी भाची वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. मागे तिने फोनवर विचारलं, "मावशी, हवामानाला धरून, कमी कार्बनची इमारत कशी करायची हे शिकायला इंग्लंडलाच यावं लागेल ना?" मी इथे बारा वर्षं वास्तुविशारद म्हणून काम करते आहे, त्यामुळे तिला 'हो' म्हणणं सोपं होतं. तरी मी 'नाही' म्हटलं.

19 जुलै 2022 ला इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबी इथे पारा 40.3 अंशांवर गेला. या देशात 40 अंशांच्या वर नोंद होण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या घराला पश्चिमेला छतापर्यंत काच आहे. दिवसभर पडदे ओढून बसले, तरी संध्याकाळी पडद्याला हात लावला तर तो गरम! ऊन पडद्यावर पडेपर्यंत उष्णता घरात शिरलेलीच असते. ते अडवायचं तर काचेच्या बाहेर. आपल्याकडे छज्जा असतो तो याचसाठी. घरं उन्हाने अति तापू नयेत म्हणून इंग्लंडच्या बांधकाम नियमांत स्वतंत्र भाग आला तोही त्याच वर्षीच्या जूनमध्ये. थंडी अडवण्याचं गणित तोंडपाठ असलेले माझे सहकारी आता सावलीचं गणित नव्याने शिकत आहेत.

आणि हे ज्ञान इथे आलं तरी कुठून? ऑटो कोनिग्सबर्गर हे जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुविशारद. 1939 मध्ये ते म्हैसूर संस्थानात आले, तिथले मुख्य वास्तुविशारद झाले, स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सरकारात गृहनिर्माणाचं काम पाहिलं. पुढे लंडनमध्ये उष्ण प्रदेशांच्या वास्तुकलेचा विभाग त्यांनी चालवला. भारतातल्या उन्हापावसात पारखलेलं शहाणपण लंडनमध्ये अभ्यासक्रम झालं. तेच परत आणायला माझ्या भाचीने शिक्षणाचं कर्ज काढावं, हे मला पटत नाही.

इंग्लंडकडून घेण्यासारखं आहे ते उत्तरदायित्व. नव्या घराच्या भिंतीत उष्णतारोधक थर नीट बसवला की नाही, याचे फोटो तो झाकला जाण्याआधी काढून सादर करावे लागतात. नोंदणी टिकवायची तर दरवर्षी काय नवं शिकलात ते नोंदवणं 2024 पासून वास्तुविशारदांना बंधनकारक आहे. कुणी पाहणार आहे हे ठाऊक असलं की शिकण्याला धार येते.

मायदेशातली चर्चा मी रोज वाचते. एक बाजू म्हणते, धूर पश्चिमेने सोडला, धडे आम्हाला का? धुराचा हिशेब मलाही मान्य आहे. पण वरच्या मजल्यावर मे महिन्यात रात्री झोप लागत नाही ती आपल्याच माणसांना. दुसरी बाजू म्हणते, पूर्वजांना सगळं माहीत होतं. माहीत होतंच, पण त्यांच्या भिंती दोन-दोन हात जाड होत्या. काँक्रीटच्या सांगाड्यात सहा इंची भिंत भरताना तेच तत्त्व नव्याने मोजावं लागतं.

नियम आपल्याकडेही आहेत. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेनुसार, थंड प्रदेश वगळता, घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता चौरस मीटरला 15 वॅटच्या आत हवी. सुट्टीवर गेले की जुन्या वर्गमित्रांना मी याबद्दल विचारते. आकडा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, स्वतः हिशेब केलेले फार थोडे. तो शेवटी सल्लागार करतो, खिडक्या ठरून नकाशे मंजुरीला गेल्यावर. माझं खरं दुखणं इथेच आहे. कॉलेजात हवामानशास्त्राचा पेपर सुरुवातीच्या वर्षांत होतो आणि पुढे डिझाइनच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर आराखडा मांडताना, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पहिल्या कच्च्या रेघेबरोबर हा हिशेब करायला शिकवलं नाही, तर कितीही कार्यशाळा घ्या, हाती प्रमाणपत्रच उरेल.

शिवाय इमारत एकटा वास्तुविशारद ठरवत नाही. दोन झडपांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणजे वारा अर्धा. ती बहुतेक वेळा ठरते बिल्डर आणि अ‍ॅल्युमिनियमवाल्याच्या बोलण्यात. स्लॅबची जाडी आणि काँक्रीटचं मिश्रण स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो, आणि कार्बनचा मोठा वाटा तिथेच असतो, कारण सिमेंटचा मुख्य घटक असलेलं क्लिंकर भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती वापरून क्लिंकर कमी केलेल्या सिमेंटला 2023 मध्ये भारतीय मानक मिळालं. निविदेत ते लिहायचं कसं, हे डिप्लोमा झालेल्या साइट इंजिनिअरपासून पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागापर्यंत सगळ्यांना शिकवायला हवं, आणि तेही मराठीत.

भाचीला मी एवढंच सांगितलं: तुमच्या वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत तापमापक ठेव आणि आठवडाभर नोंदी कर.

परवा तिने तक्ता पाठवला. संध्याकाळी पाचला स्लॅबची खालची बाजू 41 अंश, रात्री दहाला 37, तेव्हा बाहेर 31. खाली एकच ओळ होती: "मावशी, हे आमच्या मंजुरीच्या नकाशात कुठे लिहायचं?"