‘खऱ्या सायकलस्वाराला काही लागत नाही’ हे खरं नाही

सायकलविषयीचा एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. घट्ट रंगीत कपडे म्हणजे दिखावा. मोठी मऊ सीट बसवली की पॅडच्या चड्डीची गरज नाही. खाली वळलेलं हँडल म्हणजे रेसर लोकांची नक्कल आणि पाठीचा सत्यानाश. पूर्वीची माणसं नेहमीच्या कपड्यांत सायकल चालवायची, ही थेरं कंपन्यांनी आणली. नेदरलँड्समध्ये तर आजही लोक ऑफिसच्या कपड्यांतच सायकलवर बसतात. आणि शेवटी ठळक अक्षरांत: खऱ्या सायकलस्वाराला काही लागत नाही.

यातला काही भाग बरोबर आहे, तोही सांगणार आहे. पण या मजकुरामुळे नुकसान होतं ते नव्याने सायकल घेणाऱ्याचं. त्याला पहिल्याच लांब फेरीत त्रास होतो, ‘सायकल म्हटली की एवढं दुखणारच’ अशी त्याची समजूत होते आणि महिनाभरात सायकलवर धूळ बसते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कपड्यांपासून सुरुवात करू. सपाट रस्त्यावर ताशी १०-१२ किलोमीटरने जाताना अंगावर काय आहे याने फारसा फरक पडत नाही. वेग वाढला की हवा आडवी येते. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो वेग टिकवायला फक्त हवेपोटी आठपट ताकद लागते. या अडथळ्यातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा सायकलचा नसून माणसाच्या शरीराचा असतो. फडफडणारा सैल शर्ट घालून ताशी ३० ने जाणारा माणूस स्वतःचीच छत्री उघडून चाललेला असतो. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा, शेवटचा दिवस आठवा. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची, म्हणजे एकेकट्याने वेळ लावून धावायची, शर्यत होती आणि अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या लोराँ फिन्याँपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. त्याने पुढे झुकवणारं खास हँडल लावलं आणि निमुळतं हेल्मेट घातलं. फिन्याँ उघड्या डोक्याने, केसांची शेपटी वाऱ्यावर सोडून निघाला. लेमाँडने संपूर्ण टूर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. आपण टूर जिंकायला निघालेलो नसतो हे मान्य. पण समोरून वारा असताना परतीचे ३० किलोमीटर कापणाऱ्याचे पाय भौतिकशास्त्राच्या त्याच नियमाने थकतात.

जर्सीचे, म्हणजे सायकलस्वाराच्या घट्ट शर्टाचे, खिसे पाठीमागे असतात, कारण पुढे वाकल्यावर छातीवरचा खिसा लोंबतो आणि मांडीच्या खिशातली वस्तू प्रत्येक फेऱ्याला टोचते. पाठ खाली लांब असते, कारण वाकल्यावर कंबर उघडी पडते. चड्डी परंपरेने काळी, कारण चेनच्या वंगणाचे डाग काळ्यावर दिसत नाहीत. पूर्वी हे सगळं लोकरीचं असायचं. लोकर घाम सोसते, पण पावसात भिजली की जड होऊन गुडघ्यापर्यंत लोंबते. १९५८ मध्ये ड्युपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने ताणला जाणारा स्पॅन्डेक्स धागा तयार केला आणि पुढे सायकलस्वारांनी तो उचलला, तो याच कटकटीतून सुटायला. आणि रंग? टूरची पिवळी जर्सी १९१९ साली आली ती गर्दीतला आघाडीवीर प्रेक्षकांना ओळखता यावा म्हणून. शर्यत भरवणारं ‘लोटो’ हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. जिरो या इटलीतल्या मोठ्या शर्यतीची गुलाबी जर्सी १९३१ ची, आणि तिथलं वर्तमानपत्र गुलाबी कागदाचं. जाहिरात यात होतीच, मी नाकारत नाही. पण ओळखू येणं हेही रंगाचं कामच आहे.

आता सीट. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मजकुरातला सल्ला अगदी उलटा आहे. मी पहिल्यांदा ८० किलोमीटर गेलो तेव्हा जाड जीन्स घातली होती आणि सीटवर जेलचं जाडजूड कव्हर चढवलं होतं. जीन्सच्या चार शिवणी जिथे एकत्र येतात त्याच जागेवर आपण सायकलवर बसतो. पन्नासाव्या किलोमीटरनंतर मी बराचसा वेळ पायडलवर उभा राहून काढला आणि पुढचे चार दिवस खुर्चीत नीट बसता आलं नाही. कव्हरचा उपयोग शून्य.

कारण असं आहे. बसताना आपला भार ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर यायला हवा. त्यांना बैठकीची हाडं म्हणतात. सीट त्या हाडांच्या अंतराइतकी रुंद आणि पुरेशी टणक असली की भार तिथेच राहतो. फार मऊ सीटमध्ये हाडं खोल रुततात, मधला फोम वर दाबला जातो आणि ज्या नाजूक भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात तिथे दाब येतो. म्हणून बधिरपणा येतो. सीट जास्त रुंद असेल तर मांड्या तिच्या कडांना घासत राहतात. ब्रूक्स कंपनीची बी१७ ही चामड्याची सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनते आहे. तिच्यात गादी नावाची गोष्टच नाही. ताणलेलं चामडं हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतं, एवढंच.

मग चड्डीतला पॅड कशाला? तो उशी म्हणून आलाच नव्हता. लोकरीच्या चड्डीत आतून मऊ चामड्याचा तुकडा शिवायचे, म्हणजे त्वचेला शिवण लागू नये आणि घर्षण कमी व्हावं. धुतल्यावर ते चामडं वाळून कडक व्हायचं म्हणून त्याला क्रीम चोळायचे, आणि आज कृत्रिम पॅड आले तरी ते क्रीम टिकून आहे. या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. घातलं तर शिवणी परत आल्या आणि पैसे पाण्यात गेले. दिखाव्याचा प्रश्न वाटत असेल तर वरून सैल हाफपँट घाला. काम आतल्या पॅडचं आहे.

खाली वळलेल्या हँडलबद्दल थोडक्यात. ते हात धरायच्या किमान तीन जागा देतं: वरचा आडवा भाग, ब्रेकच्या मुठी आणि खालचा वळसा. दोन तासांत मनगट आणि खांदे आखडायला लागतात, तेव्हा जागा बदलता येणं हीच विश्रांती असते. सरळ ताठ बसल्यावर खड्ड्याचा धक्का थेट कण्यातून वर जातो. थोडं वाकल्यावर तो हात, पाय आणि पाठीत वाटला जातो. पाठ खरोखर दुखत असेल तर बहुतेक वेळा हँडल फार लांब किंवा फार खाली असतं, किंवा फ्रेमच चुकीच्या मापाची असते. पंधरा मिनिटांच्या फेरीला मात्र सरळ हँडलच बरं, त्यावरून मान वर ठेवून रहदारी छान दिसते.

‘पूर्वीची माणसं नेहमीच्या कपड्यांत चालवायची.’ हे वाक्य स्त्रियांना पूर्णपणे विसरलेलं आहे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर ही सायकल आली, दोन जवळजवळ सारखी चाकं आणि चेन असलेली. १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं. सायकल सगळ्यांना चालवता येईल अशी झाली आणि लगेच कपड्यांचा प्रश्न उभा राहिला, कारण त्या काळच्या युरोपातले नेहमीचे स्त्रियांचे कपडे म्हणजे घोट्यापर्यंतचा घेरदार स्कर्ट. तो चेनमध्ये अडकायचा, आऱ्यांत गुंतायचा. लंडनमध्ये १८८१ सालीच सुटसुटीत पोशाखासाठी एक संस्था निघाली होती आणि लेडी हार्बर्टन तिच्या प्रमुखांपैकी होत्या. १८९८ मध्ये सरे परगण्यातल्या ओकम गावी, हॉटबॉय हॉटेलात त्या विजारीसारख्या पोशाखात सायकलवरून गेल्या तेव्हा मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला आणि तो हरली. कपडा बदलणं एवढं महाग पडायचं.

म्हणून काही जणींनी दोन्ही साधलं. ब्रिक्स्टनची शिवणकाम करणारी अ‍ॅलिस बायग्रेव्ह हिने १८९५ मध्ये एका स्कर्टचं पेटंट घेतलं. त्याच्या पुढच्या आणि मागच्या शिवणीत दोऱ्या आणि छोट्या कप्प्या लपवलेल्या होत्या. दोरी ओढली की स्कर्ट वर गोळा व्हायचा, उतरल्यावर सोडली की पुन्हा खाली. पाहणाऱ्याला साधा स्कर्टच दिसायचा. दुसऱ्या बाजूने सायकलही बदलली. वरचा दांडा खाली वाकवला, चेनवर कव्हर बसवलं, मागच्या चाकावर मडगार्डपासून मधल्या धुरीपर्यंत दोऱ्यांची जाळी विणली. आज आपण सहज ‘लेडीज सायकल’ म्हणतो त्या फ्रेमचा आकार एका कपड्यामुळे ठरलेला आहे. सायकल आणि कपडा ही एकाच रचनेची दोन टोकं आहेत. एकाने जे केलं नाही ते दुसऱ्याला करावं लागतं.

नेदरलँड्सचा दाखलाही याच नियमाने समजतो. तिथला माणूस कोट घालून सायकल चालवू शकतो कारण सगळी तजवीज त्याच्या सायकलने अंगावर घेतलेली असते. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे पँटला वंगण लागत नाही. मागच्या चाकाला कोट अडकू नये म्हणून आवरण. लांब मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चाकालाच बसवलेलं कुलूप, चाकातच डायनॅमो. गिअर आणि ब्रेकही बहुतेकदा चाकाच्या धुरीत, म्हणजे पाऊस आणि चिखलाची भीती कमी. जमीन सपाट, अंतरं छोटी, आणि स्वतंत्र सायकलमार्ग. ते मार्गही आकाशातून पडले नाहीत. रहदारीत मरणाऱ्या मुलांसाठी १९७० च्या दशकात तिथले लोक रस्त्यावर उतरले तेव्हा धोरणं वळायला लागली. ‘काही लागत नाही’ असं दिसतं तिथे खरं तर सगळं आधीच पुरवलेलं आहे.

आणि तोच डच माणूस रविवारी शंभर किलोमीटरला निघाला की घट्ट चड्डी आणि जर्सी घालून, वेगळ्या सायकलवर निघतो. त्यांच्या भाषेत यासाठी दोन शब्दच आहेत. रोजच्या कामाला सायकल वापरणारा तो ‘फीट्सर’, वेगाने रेसिंगची सायकल चालवणारा तो ‘वीलरेनर’. आपल्याकडे दोघांनाही सायकलस्वारच म्हणतात, निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

मजकूर जिथे बरोबर आहे तिथे येतो. फॅशनने सायकलस्वारांना फसवलं आहे, रेसरनाही. बारीक टायर, त्यात खच्चून हवा, म्हणजे वेग, असं अनेक वर्षं सगळे धरून चालले होते. २३ मिलिमीटरचा टायर ही शान होती. प्रत्यक्षात एकाच दाबाला रुंद टायर कमी दबतो आणि रस्त्याला टेकणारा त्याचा भाग आखूड राहतो, त्यामुळे रबर वाकण्यात वाया जाणारी ऊर्जा कमी होते. शिवाय खडबडीत रस्त्यावर फार टणक टायर सगळं शरीर हादरवतो, आणि त्या हादऱ्यांतही ताकद जाते. आज व्यावसायिक शर्यतींत २८-३० मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात. वजनाचंही तसंच. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील तर कार्बनची फ्रेम घेऊन कमी केलेला एक किलो खड्या चढावर साधारण सव्वा टक्का वाचवतो, सपाटीवर जवळजवळ काहीच नाही. शर्यतीत सव्वा टक्का म्हणजे हार-जीत. कामावर जाण्यासाठी तो खर्च करू नका, असंच मी सांगेन.

भडक कपड्यांच्या बाबतीत तर मजकुराहून कडक बोलायला हवं. फ्लोरोसंट पिवळा रंग उन्हातल्या अतिनील किरणांमुळे चमकतो. दिवसा तो उत्तम. रात्री गाडीच्या दिव्यात ते किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तोच महागडा पिवळा कोट साधा फिकट कपडा होतो. रात्री लागते परावर्तक पट्टी, आणि तीही घोट्यावर आणि गुडघ्यावर. वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की चालकाच्या मेंदूला लगेच कळतं की समोर माणूस पायडल मारतो आहे. छातीवरची स्थिर पट्टी कशाचीही असू शकते.

शेवटी ते ठळक वाक्य. तेही नवं नाही. टूर द फ्रान्स सुरू करणारे आँरी डेग्रांज यांना गिअर बदलण्याची यंत्रणा म्हणजे दुर्बळांचा आधार वाटायची. १९३७ पर्यंत टूरमध्ये डिरेलर, म्हणजे चालता चालता चेन दुसऱ्या चक्रावर सरकवणारी यंत्रणा, वापरायला बंदी होती. चढ लागला की स्वार खाली उतरायचे, मागचं चाक सोडायचे, उलटं करून दुसऱ्या बाजूच्या दातेरी चक्रावर चेन चढवायचे आणि पुन्हा निघायचे. टुलिओ काम्पान्योलो या इटालियन स्पर्धकाची गोष्ट सांगतात ती अशाच एका शर्यतीतली: डोंगरातल्या थंडीत बोटं गोठली आणि चाकाचे पंखासारखे नट त्याला सुटेनात. त्यातून त्याने एका दांडीने चाक सोडायची क्विक रिलीज बनवली. ‘खऱ्या’ सायकलस्वाराला तिचीही गरज नव्हती. आज अनेक साध्या सायकलींच्याही चाकांना ती असते आणि कोणी तिला थेर म्हणत नाही. स्वित्झर्लंडचा ह्यूगो कोब्लेट १९५१ ची टूर जिंकला तेव्हा खिशात कंगवा घेऊन फिरायचा आणि शेवटच्या रेषेनंतर केस विंचरायचा. तो खोटा सायकलस्वार होता का?

तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावं? रोजची फेरी अर्ध्या तासाच्या आत असेल तर खर्च सायकलवर करा: चेनकव्हर, लांब मडगार्ड, कॅरिअर, पुढे-मागे दिवे, आणि कपडे आहेत तेच. तासाभरापेक्षा जास्त बसणार असाल तर आधी सीटची रुंदी आणि उंची तपासून घ्या, मग एक चांगली पॅडची चड्डी. जर्सी, बूट, चष्मा त्यानंतर, वाटलं तर. आणि आवडीचा रंग निवडा. जी सायकल पाहून बाहेर पडावंसं वाटतं तीच जास्त चालवली जाते.